धाकटीच्या नावाची ऑर्डर

मॉलच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, घड्याळाचे पट्टे विकणारा आणि चष्म्याच्या काड्या बदलून देणारा यांच्या मधोमध कॉम्प्युटर कंपनीचा बूथ होता. बूथ म्हणजे काय, तर चार खांब, वर कंपनीच्या नावाची पट्टी, खाली अर्धगोल टेबल आणि टेबलावर सहा मशीनं. सहाही तारेने टेबलाला कुलूपबंद. दुकानात असतं ते सगळं होतं, फक्त विकायला काही नव्हतं.

हेच लोकांच्या लवकर ध्यानात यायचं नाही. ही कंपनी दुकानदाराला माल द्यायचीच नाही. गिऱ्हाइकाने बूथवर यायचं, मशीन बघायचं, बटणं बडवून बघायची, आणि पटलं तर तिथेच पडद्यावरचा अर्ज भरून द्यायचा. मग कारखान्यात त्याच्या नावाने मशीन तयार व्हायचं आणि काही दिवसांनी थेट त्याच्या घरी जायचं.

"विकायचं नाही तर बसलात कशाला?" एका आजोबांनी एकदा विचारलं होतं.

"दाखवायला," बूथवरची बाई म्हणाली.

"आमच्या वेळी जे दाखवायचे ते विकायचेही," आजोबा म्हणाले, आणि तरी पाऊण तास स्टुलावर बसून गेले. मॉलमध्ये फुकट बसायला तेवढी एकच जागा होती.

ही बूथवरची बाई म्हणजे मोठी. घरात दोघी बहिणी, ही मोठी आणि ती धाकटी. शाळेच्या दाखल्यावर दोघींना चांगली लांबलचक नावं होती, पण आई काज-बटणाच्या कारखान्यात दिवसभर उभी असायची आणि घरी आल्यावर तिला तेवढी लांब नावं घेण्याचं त्राण नसायचं. वडील दोघी लहान असतानाच गेले. आई कमवायची, मोठी घर बघायची आणि धाकटी दोघींना हसवायची, अशी वाटणी आपोआप झाली होती. मोठी आता छत्तीस वर्षांची होती. लग्न झालं नव्हतं. आधी ती घरोघरी मिक्सर दाखवत फिरायची. पिशवीतून मिक्सर काढायचा, बाईच्या ओट्यावर ठेवायचा, तिच्याच घरातलं काहीतरी वाटून दाखवायचं आणि भांडं धुऊन परत द्यायचं. दाखवणं तिच्या हातातच होतं. समोरच्याला वाटावं की ही वस्तू आपलीच आहे, फक्त या बाईने जरा वेळ हातात घेतलीय, इतक्या सहज ती दाखवायची. त्याच जोरावर तीन वर्षांपूर्वी तिला हा बूथ मिळाला.

बूथवर तिच्या जोडीला एक जण होता. सहा कुलपांच्या किल्ल्या कमरेला लावून तो खुळखुळत फिरायचा, म्हणून अख्खा तळमजला त्याला किल्लीदार म्हणायचा. माणूस बडबड्या, पण मनाचा सरळ. पहिल्या दिवशी कंपनीचा शिकवायला आलेला माणूस अर्ज कसा भरायचा ते दाखवून म्हणाला, "गिऱ्हाइकाला भीती वाटते. तुम्ही आधी एक नमुन्याचा अर्ज भरून दाखवायचा. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, सगळं भरत शेवटच्या पानापर्यंत जायचं. तिथे 'ऑर्डर पक्की' असं बटण आहे, ते दाबायचं नाही. बाहेर पडायचं."

"नाव कोणाचं घालू?" किल्लीदाराने विचारलं.

"कोणाचंही घाला हो. नमुनाच आहे."

किल्लीदाराने सासूचं नाव घातलं. "रोज दहा कॉम्प्युटर घेऊन देतो सासूबाईंना," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "तरी म्हणतात, जावयाने आजवर काही दिलं नाही."

मोठीने काही विचार केला नाही. बोटांनी धाकटीचं नाव लिहिलं. मग आडनाव. मग तिची जन्मतारीख, मग घरचा पत्ता आणि घरचा फोन. नाव मोठ्या ठळक अक्षरांत पडद्यावर उमटलं, तेव्हा तिची बोटं जागच्या जागी थांबली. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून ती पुढच्या पानावर गेली.

धाकटीला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

त्यानंतर रोज आठ-दहा वेळा ते नाव पडद्यावर यायचं. मोठी देवभोळी नव्हती, पण देवाला मानणारी होती. सकाळी घरातून निघताना हात जोडायची. धाकटीसाठी त्यात काही मागायची नाही, कारण गेलेल्या माणसासाठी काय मागायचं असतं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. बूथवर मात्र ते नाव लिहिताना तिला काहीतरी केल्यासारखं वाटायचं. एक गोष्ट तेवढी तिला सलायची. जन्मतारीख भरली की अर्ज वय स्वतः काढून शेजारच्या चौकोनात दाखवायचा. पहिल्या वर्षी अठ्ठावीस दाखवलं. मग एकोणतीस. मग तीस. मोठीच्या डोक्यात धाकटी एकोणिसावर थांबली होती. अर्जात ती पुढे चालली होती.

या वर्षी अर्जाने एकतीस दाखवलं, आणि त्याच महिन्यात, मोठीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, ती घरी आली तर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर एक पांढरं खोकं ठेवलेलं. त्यावर बूथच्या पट्टीवरचंच कंपनीचं नाव. आई समोरच्या पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती, घरात पाहुणा आल्यावर बसावं तशी.

"हे कोणाचं?" मोठीने विचारलं. पायातली चप्पलही काढली नव्हती.

"वाच की. लिहिलंय वर."

मोठीने वाचलं. चिठ्ठीवर धाकटीचं पूर्ण नाव होतं.

"माणूस आला होता घेऊन," आई म्हणाली. "चांगला होता. त्याने विचारलं, आहेत का घरी? मी म्हटलं, नाही, मी आई. सही केली."

"आई, हे कसं आलं इथे?"

"कसं म्हणजे? मी सांगितलं पाठवा म्हणून."

मग हळूहळू, एकेक टाका उसवावा तसं, ते बाहेर आलं. थंडी सुरू झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला फोन यायचा. एक मुलगी बोलायची. कधी ही, कधी दुसरी. धाकटीचं नाव घेऊन विचारायची, आहेत का, त्यांचा अर्ज अर्धवट राहिलाय.

"आणि तू काय सांगायचीस?"

"बाहेर गेलीय, संध्याकाळी येईल, म्हणायचे."

मोठी खोक्यावरची चिठ्ठी पुन्हा वाचू लागली.

"यात मी काय खोटं बोलले?" आई म्हणाली. "या घरातून ती बाहेरच गेली होती ना? क्लासला. मी काही तिला इथून उचलून नेलेलं बघितलं नाही. मी कारखान्यातून थेट दवाखान्यात गेले." तिने पलंगावरच्या चादरीची सुरकुती सारखी केली. "मागच्या वेळची मुलगी म्हणाली, योजना निघालीय, चौदा दिवस घरी वापरून बघा, नको वाटलं तर परत. पाठवू का, आई? मला आई म्हणाली ती. मी म्हटलं, पाठवा."

"मला सांगायचंस तरी."

"तू सांगितलंस मला? तीन वर्षं तिचं नाव तिकडे लिहितेस ते? अर्ज मॉलच्या बूथवरून येतात, हे मला त्या मुलीने सांगितलं."

 मोठी चप्पल काढायला दाराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. जेवण झाल्यावर मोठी धुतलेले कपडे घडी करत होती. बाहेरच्या खोलीतून मशीन सुरू होतानाची बारीक धून आली. तिने डोकावून पाहिलं. आईने खोकं उघडून मशीन कोपऱ्यातल्या मेजावर मांडलं होतं आणि हात मांडीवर ठेवून समोर बसली होती. पडदा आधी निळा झाला, मग 'नमस्कार' आलं, आणि त्याच्या पुढे धाकटीचं नाव. ज्याची ऑर्डर त्याचं नाव कारखान्यातच आत भरून पाठवायची कंपनीची पद्धत होती. मोठीने हजार वेळा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगितलं होतं, "बघा, उघडलंत की तुम्हाला नावाने हाक मारेल."

आईने ते नाव वाचलं. जरा वेळ बसली. मग खोकं आणणाऱ्या माणसाने शिकवल्याप्रमाणे नीट बंद केलं आणि जुन्या चादरीचा तुकडा वर घातला.

"मला एवढंच येतं," आई म्हणाली. मोठी दारात आहे हे तिला न बघताच कळलं होतं. "चालू करायचं. नाव येतं. बंद करायचं."

बूथवर गेल्यावर मोठीने किल्लीदाराला सगळं सांगितलं. त्याच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"अगं बाई, अर्धवट सोडलेला अर्ज पुसला जात नाही. तो फोनवाल्यांकडे जातो. मग त्या पोरी फोन करून विचारतात, का थांबलात म्हणून. पाच-सहा महिनेच झालेत हे सुरू होऊन." मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो कानकोंडा झाला. "म्हणजे ती लाजरी तुमची होय?"

"कोण लाजरी?"

"फोनवाल्यांत एक गिऱ्हाईक प्रसिद्ध आहे म्हणे. दिवसातून दहादा येते, सगळं भरते, आणि शेवटच्या पानावरून पळते. तिला लाजरी म्हणतात. मागच्या बैठकीत हसत होते सगळे." त्याने आवाज खाली आणला. "मी सासूचं नाव घातलं, पण नंबर घातला बंद पडलेला. तुम्ही खरा कशाला घातलात?"

"बोटांना दुसरा येत नव्हता."

किल्लीदाराने डोकं खाजवलं. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. चौदा दिवसांच्या योजनेत काही बूथवाल्यांनी आकडा फुगवायला स्वतःच्या नातेवाइकांच्या नावाने खोटी मशीनं मागवली होती. म्हणून आता दहाव्या दिवशी तपासणीचा फोन जायचा. गिऱ्हाइकाने स्वतः बोलायचं. वय काय, काम काय, घरात कोण कोण, मशीन कोण वापरतं, सगळं विचारायचे. गिऱ्हाईक खोटं निघालं तर ज्या बूथच्या नंबरवर ऑर्डर, त्या बूथवाल्याला घरी बसवायचे.

"त्याआधी तुम्हीच रद्द करा," तो म्हणाला. "कारण टाका आणि मोकळ्या व्हा."

तिने ऑर्डर उघडली. रद्द करायच्या पानावर चार कारणं होती. आवडलं नाही. दुसरीकडे घेतलं. पत्ता बदलला. आणि सगळ्यांत खाली, गिऱ्हाईक हयात नाही. वरच्या तिनांपैकी एक दाबलं असतं तरी चाललं असतं. पण तिचा हात वरच्या तिनांवर जाईना आणि खालच्यावरून हलेना. दाबवेनाही. कोणीतरी मागून विचारलं, "अहो, पांढऱ्यावर धूळ फार दिसते का हो?"

"पांढऱ्यावर दिसत नाही, काळ्यावर दिसते," मोठी म्हणाली आणि पान बंद केलं.

घरात तिने आईला तपासणीच्या फोनचं सांगितलं. नोकरीचंही सांगितलं. आई ताटातलं बोटाने सारखं करत ऐकत होती.

"मग तू बोल," आई म्हणाली.

"मी काय बोलू?"

"ती म्हणून. तुझा आवाज तिचाच आहे."

हे खरं होतं. दोघींचा आवाज फोनवर ओळखू यायचा नाही. धाकटीच्या मैत्रिणी पाच-पाच मिनिटं मोठीशी बोलायच्या आणि मोठीला त्यांच्या सगळ्या भानगडी कळायच्या. धाकटी म्हणायची, "माझा अर्धा अभ्यास तूच कर ना मग, आवाज एक तर मार्क पण एक."

"आई, ती..." मोठी म्हणाली आणि तिथेच थांबली.

बारा वर्षांत हे वाक्य या घरात कोणी पुरं केलं नव्हतं. 'तेव्हा' म्हणायचे. 'त्यानंतर' म्हणायचे. आई मुळातच बोलायची कमी, आणि मोठीला बोलायचं भय होतं, कारण बोलायला लागलं की त्या सकाळवर यावं लागलं असतं. त्या सकाळी धाकटी म्हणाली होती, पोटात दुखतंय, आज क्लासला नको जाऊ का? कॉम्प्युटरच्या क्लासची परीक्षा होती. मोठी म्हणाली होती, परीक्षा आली की तुझं पोट बरं दुखतं, निमित्तं काढू नकोस. धाकटी गेली. दुपारी क्लासवाल्या बाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आतडं आतल्या आत फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. आईला एवढंच माहीत होतं की ती क्लासला गेली आणि तिथे आजारी पडली.

"बोलशील ना?" आईने विचारलं. तिने मोठीकडे असं बघितलं होतं त्याला कित्येक वर्षं झाली असतील. मोठीने मान हलवली.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, अर्ध्या दिवसाची रजा काढून ती घरी आली. आईने केस विंचरले होते. फोनजवळ दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तीनला पाच कमी असताना फोन वाजला.

"मॅडम बोलताय का?" पलीकडच्या मुलीने धाकटीचं पूर्ण नाव घेतलं.

मोठीने देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "हो, बोलतेय."

आईने खुर्ची जवळ ओढली. तिचा कान रिसीव्हरला जवळजवळ टेकला होता.

जन्मतारीख झाली. वय, एकतीस. शिक्षण.

"बारावी. आणि कॉम्प्युटरचा क्लास केला होता."

"काम काय करता?"

मोठी अडखळली. आईचे ओठ हलले, शाळेत.

"शाळेत शिकवते."

"वा. कोणता विषय?"

"गणित," मोठी म्हणाली. आईने तोंड वाकडं केलं. धाकटीला गणित कधी आलं नव्हतं.

"म्हणजे खरं तर चित्रकला. गणिताच्या बाई रजेवर आहेत म्हणून माझ्या गळ्यात मारलंय. मुलांचं माझ्यापेक्षा चांगलं आहे गणित."

पलीकडची मुलगी हसली. मोठीही हसली, आणि हसता हसता तिचं तिलाच ऐकू आलं. शेवटी नाकातून एक छोटासा सूर, धाकटीचा. हे हसू तिने आजवर कधी हसलेलं नव्हतं. आईने डोळे मिटून घेतले.

"मिस लिहू की मिसेस?"

आईने डोळे उघडले. आधी मान उभी हलवली, मग आडवी, मग तिला काय हवं तेच कळेना. शेवटी कुजबुजली, "ठरतंय म्हण."

"ठरतंय," मोठी म्हणाली.

"अरे वा, अभिनंदन."

"अजून काही नक्की नाही हो. आईला फार घाई आहे."

हे तिने कुठून आणलं तिला माहीत नव्हतं. बोलणं भराभर येत होतं, तिच्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा वेगाने, वरच्या पट्टीत. मशीनवर काय करता? मुलांसाठी चित्रं. दुपारी की संध्याकाळी? दुपारी, शाळा सुटल्यावर. आई ओठ हलवायची आणि मोठीच्या तोंडून ते निघायचं, आणि मग तर आईचे ओठ हलायच्या आधीच निघायला लागलं. त्या दोन खुर्च्यांवर बसून दोघींनी दहा मिनिटांत एक एकतीस वर्षांची बाई उभी केली. तिला शाळा दिली, आळशी विद्यार्थी दिले, बघायला येऊ घातलेला एक मुलगा दिला. आईचा चेहरा उजळला होता.

"शेवटचा प्रश्न, मॅडम. घरात आणखी कोण कोण असतं?"

"आई," मोठी म्हणाली आणि आईकडे बघितलं.

आईने एक बोट वर केलं. मी. एकटीच.

तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. तिच्या नजरेत काही डाव नव्हता. ती धाकटीकडे बघत होती, आणि धाकटीच्या घरात तेवढीच माणसं होती.

मोठीला वाटलं, कोणीतरी थंड हात तिच्या मानेवर ठेवलाय. त्या खोलीत तीन खुर्च्या असत्या तरी तिला बसायला जागा नसती.

"मॅडम?"

"एक मोठी बहीण आहे," ती म्हणाली. आवाज खाली आला होता.

आईचं बोट तसंच वर होतं.

"बरं. त्या काय करतात?"

"ती तुमच्या बूथवर असते. मॉलमध्ये, सरकत्या जिन्याजवळ." मोठीने श्वास घेतला. "थांबा. हे काही लिहू नका. ती मीच आहे. मी मोठी. जिचं नाव तुम्ही घेताय ती वारली. बारा वर्षं झाली."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

"मग आत्तापर्यंत कोण बोलत होतं?" मुलीने विचारलं. ती रागावलेली नव्हती. घाबरली होती.

"मीच बोलत होते. एकोणीस वर्षांची होती ती. पोट दुखतंय म्हणाली होती. मी म्हटलं निमित्तं काढू नकोस, आणि पाठवलं तिला परीक्षेला. हे माझ्या आईला माहीत नाही. ती शेजारीच बसलीय."

 मुलगी अगदी हळू म्हणाली, "ताई, मी कारण काय लिहू?"

"खालचं. चौथं."

मोठीने फोन ठेवला. आईचं बोट आता मांडीवर होतं. मोठी वाट बघत होती, की आई ओरडेल, रडेल, निदान उठून आत जाईल. आई उठली ती मेजाकडे गेली. मशीनवरचा चादरीचा तुकडा एका बाजूने सरकला होता, तो सारखा केला.

"एवढं चांगलं चाललं होतं," ती म्हणाली.

शनिवारी तोच माणूस मशीन न्यायला आला. आईने त्याला पाणी दिलं आणि सही केली. मोठीला कंपनीतल्या वरच्या मॅडमनी बोलावून घेतलं, तिच्या नावाने एक पत्र फाइलला लावलं, पण बूथ काढून घेतला नाही. किल्लीदाराने तिच्या बाजूने सांगितलं म्हणून, की ज्या घरात आठवड्यातून दोनदा आपलेच फोन जात होते त्या घराला बोलायचं कोणत्या तोंडाने, म्हणून, ते तिला कळलं नाही. सगळ्या बूथांवर आता एकच नमुन्याचं नाव आलं, कोणाचंच नसलेलं.

घरात आई बोलायची नाही. म्हणजे भाजी संपली, नळ गळतोय, एवढं बोलायची. त्या सकाळबद्दल अक्षर नाही. मंगळवारी दुपारी ती फोनजवळ बसलेली असते, असं शेजारच्या काकूंनी मोठीला सांगितलं. "कोणाचा यायचाय का गं फोन? हलत नाहीत तिथून."

त्या शुक्रवारी तीन वाजता मोठीने किल्लीदाराला बूथ बघायला सांगितलं आणि जिन्यामागच्या फोनवरून घरी फोन लावला. एकाच घंटेत उचलला गेला. पलीकडे कोणी बोललं नाही. नुसता श्वास.

"आई," ती म्हणाली.

पलीकडचा श्वास थांबला.

मोठीच्या लक्षात आलं तसं तिने घाईने सांगितलं, "मोठी बोलतेय."

"हं," आई म्हणाली. मग, "काय झालं?"

"काही नाही. असाच केला."

"बरं."

एवढंच. पण मंगळवारी तिने पुन्हा केला, शुक्रवारी पुन्हा. दर वेळी उचलल्यावर ती मधली शांतता असायची, आणि दर वेळी त्या शांततेत आपण दोघीच नाही असं मोठीला वाटायचं. पाठीमागे जिना सरकत असायचा, माणसं वर जायची, आणि तिच्या कानात तो थांबलेला श्वास. मग ती म्हणायची, मोठी बोलतेय.

चौथ्या की पाचव्या फोनला आईने 'हं' म्हटलं नाही.

"मोठे," ती म्हणाली, "पोट कुठे दुखत होतं तिचं?"

मोठीने भिंतीला हात टेकवला. घरात समोरासमोर बसून आईने हे विचारलं नसतं, आणि तिने सांगितलं नसतं.

"उजवीकडे. खाली."

"तिने सांगितलं तुला तसं?"

"हात ठेवून दाखवलं."

"मग?"

"मी वेणी घालत होते. आरशात बघून. मागे वळले नाही मी. आरशात दिसली ती हात ठेवलेली."

 घड्याळाचे पट्टे विकणारा कोणाशी तरी हुज्जत घालत होता. दोन मुली हसत जिन्यावर चढल्या.

"चेहरा कसा होता तिचा?" आईने विचारलं.

"घाबरलेला नव्हता. रुसलेला होता."

"रुसली की खालचा ओठ..."

"हो. तसाच."

 आईने फोन ठेवला नाही. मोठी कानाला रिसीव्हर धरून उभी होती, आणि पलीकडे आई होती, घरात, त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर.

"अजून सांग," आई म्हणाली. "कपडे कोणते होते?"